आप्पांची तीनचाकी आणि पाण्याचा दिवस

आमच्या घरात सकाळी आप्पांची गाडी सुरू होईपर्यंत कुणी कुणाशी बोलत नसे. अव्वा, म्हणजे माझी आई, भाकरी थापता थापता हात थांबवायची, मी वेणीचा पेड बोटांत धरून उभी राहायची, आणि बाहेरच्या बोळातून लोखंडी दांडा ओढल्याचा आवाज यायचा, खर्रक. मग थोडी शांतता. मग पुन्हा खर्रक. पलीकडच्या गल्लीतले माग पहाटेपासून खडखडत असायचे, पण त्यांचा आवाज आमच्या कानांना लागतच नव्हता. कान सगळे त्या दांड्याकडे. इंजिन धडधडलं की अव्वाची थाप पुन्हा परातीत पडायची, मी वेणी पुरी करायची आणि घर श्वास सोडायचं. नाही धडधडलं, तर तो दिवस गेलाच म्हणून समजायचं. भाकरी करपायची, मला कारण नसताना बोलणी बसायची, आणि आप्पा घामेजलेल्या शर्टाने आत येऊन तांब्याभर पाणी उभ्यानेच प्यायचे. माझ्या सोळाव्या-सतराव्या वर्षाचं सगळ्यात ठळक आठवणारं काय असेल, तर ही सकाळची घालमेल. अजूनही कुणी गाडीला दुसऱ्यांदा किक मारली की माझ्या हातातला घास हातातच राहतो.

आप्पा शिलाई मशीन दुरुस्त करायचे. सोलापुरात गणवेश शिवणारी घरं पुष्कळ, शिवाय गावोगावचे शिंपी. लहानपणीच्या पोलिओने त्यांचा उजवा पाय काडीसारखा राहिला होता. त्याला लोखंडी पट्ट्यांचा बूट. मी लहान असताना ते एस.टी.ने गावं करायचे. हत्यारांची पेटी एका हातात, काठी दुसऱ्या हातात, आणि मागून कंडक्टरचा आवाज, "ओ, त्या लंगड्याला जागा द्या जरा." तो माणूस भलेपणानेच म्हणत असे, पण आप्पा जागा मिळाली तरी बसत नसत, उभ्यानेच जात. मग त्यांनी एक जुनी मोटरसायकल घेतली आणि एका वेल्डरकडून तिचं मागचं चाक काढून तिथे दोन चाकं बसवून घेतली, मध्ये हत्यारांसाठी पत्र्याची पेटी. किक उजव्या पायाची, तो पाय तर कामाचा नाही. म्हणून किकेला एक लांब दांडा जोडला, बसल्या बसल्या हाताने ओढायचा. पायाचा ब्रेकही हातावर आणला. गाडी तयार होऊन दारात आली त्या दिवशी अव्वाने गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर, केली होती, वर तुपाची धार. आप्पा जेवलेच नाहीत धड. दोन घास खायचे आणि बाहेर जाऊन गाडीभोवती फिरून यायचे. त्या गाडीवर बसल्यावर त्यांचा बूट पेटीच्या पत्र्याआड जायचा आणि ते चांगले उंचनिंच दिसायचे. मंद्रूपच्या बाजाराला ते एकटे जायला लागले. लिंबाखाली पोतं अंथरून बसायचे, बाया डोक्यावर मशीनची मुंडकी घेऊन यायच्या.

सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जाई. सुया, शटल, पट्टे हातात द्यायचं काम माझं. मशीन आलं की आप्पा आधी ते उघडत नसत. चाक हाताने सावकाश फिरवून कान लावायचे. "मशीन खोटं बोलत न्हाय नीलू," ते म्हणायचे, "आपुन ऐकायला चुकतो." आणि दुसरं एक सांगायचे, ते मला पुढे शाळेत शिकवतानाही उपयोगी पडलं: "एका टायमाला एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की मग कशानं बरं झालं ते देवाला पण कळत न्हाय." अशा माणसाची स्वतःची गाडी मधूनच रुसायला लागावी, आणि का ते त्याला कळू नये, हे त्यांना फार लागलं. गावातले लोक चेष्टा करायचे, "काय मेस्त्री, आमचं मशीन नीट करताय, तुमचं कोण करणार?" आप्पा हसायचे, पण येताना वाटभर बोलायचे नाहीत.

रोज रुसत असती तर बरं झालं असतं. रोजच्या दुखण्याला औषध असतं. ही तीन दिवस पहिल्या ओढीला सुरू व्हायची आणि चौथ्या दिवशी पंचवीस ओढींनाही दाद द्यायची नाही. मग शेजारचे दोघे-तिघे यायचे. "ढकलू का मेस्त्री?" या तीन शब्दांनी आप्पांचा चेहरा कसा व्हायचा ते मला अजून दिसतं. ते मान हलवायचे, लोक गाडी ढकलत रस्त्यावर न्यायचे, दहा पावलांवर ती धाडकन सुरू व्हायची, आणि आप्पा मागे वळून न बघता निघून जायचे. नाक्यावर गॅरेज होतं रशीदभाईंचं. त्यांच्याकडे नेली की गाडी अगदी शहाण्यासारखी वागायची. त्यांनी प्लग बदलला, कार्बोरेटर उघडून धुतला, कॉइल बदलून पाहिली. "मेस्त्री, गाडी कू कुछ नै हुआ," ते शेवटी म्हणाले, "तुम्हारे दिल में शक बैठ गया है." उजवीकडे तंग वळण घेतलं की गाडी एक उचकी देते, असं आप्पांनी त्यांना सांगितलं होतं. रशीदभाईंनी गॅरेजपुढे दोन फेऱ्या मारून पाहिल्या, उचकी काही आली नाही. तो विषय तिथेच राहिला.

आप्पांनी मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायला सुरुवात केली. दोन महिन्यांच्या खुणा झाल्यावर एका दुपारी ते त्या पानासमोर बराच वेळ उभे राहिले. गाडी रुसायची ती पाण्याच्या दिवशी. आमच्याकडे नळाला चार दिवसांनी पाणी येतं, तेव्हाही यायचं आणि हे लिहिते आहे तेव्हाही तसंच आहे. पाणी यायच्या आधी नळ फुस्स करून हवा सोडायचा, आणि त्या आवाजाने सगळी गल्ली जागी व्हायची. आमचा नळ बोळाच्या तोंडाशी, गाडीला लागूनच. अव्वा उठायची, पिंप, घागरी, कळश्या मांडायची. रशीदभाई म्हणाले, झालं, पाणी उडत असणार प्लगवर. म्हणून आप्पांनी इंजिनाला प्लास्टिकचा कागद बांधला. पुढच्या पाण्याला गाडी पुन्हा मुकी. प्लग काढून बघितला तर कोरडा ठणठणीत.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. त्याच्या वर्षभर आधी आप्पांना सणकून ताप भरला होता आणि तरी ते मंद्रूपला निघाले होते. अव्वाने गुपचूप जाऊन पेट्रोलचा कॉक बंद केला. आप्पांनी दांडा ओढून ओढून हात दुखवून घेतला आणि येऊन निजले. संध्याकाळी ताप उतरल्यावर तिने स्वतःच सांगितलं, "कॉक म्या बंद केला हुता. अंगात ताप हुता की." आप्पा तेव्हा खो खो हसले होते. वर्षभर ही घरातली गंमत होती, पाहुण्यांना सांगायची. पण एकदा संशयाने घर केलं की जुन्या गमतीसुद्धा पुरावा होतात.

मंद्रूपला सुगलाबाई म्हणून एक शिवणारी बाई होती, तीन मशीनवर गणवेश शिवायची. शाळा उघडायला आठवडा राहिला असताना तिची दोन मशीन बसली. आप्पांनी निरोप दिला, उद्या सकाळी उजाडायला येतो. तो दिवस नेमका पाण्याचा. गाडी अडली, ओढून ओढून इंजिनात पेट्रोल तुंबलं, म्हणून ढकलली तरी त्या दिवशी लवकर घेतली नाही, आणि आप्पा पोचले तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. शहरातून मोटरसायकलवर आलेला दुसरा एक कारागीर तिथे काम संपवून चहा पीत बसला होता. सुगलाबाई वाईट काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "तुमाला पायानं जमत न्हाय मेस्त्री, म्या समजून घेतले की." आप्पांनी हे आम्हाला सांगितलं ते कितीतरी वर्षांनी. त्या संध्याकाळी मात्र ते ताटावर बसले, भाकरीचा तुकडा मोडला, शेंगाच्या चटणीला लावला आणि खाली ठेवला.

"आज पण कॉकच का?" ते म्हणाले.

अव्वाला आधी कळलंच नाही. "काय म्हनला?"

"पानी आलं की गाडी बंद पडती. पान्याला तू उठतीस. तितं दुसरं कोन असतं, सांग की."

अव्वाच्या हातात झुणक्याचा चमचा तसाच राहिला. "म्या कशाला बंद करू? खायाचं काय मग आपुन?"

"तुला म्या गावाला गेल्यालं आवडत न्हाय. आधी पण केलतीस."

"तवा ताप हुता तुमाला!"

"आता मला काय झालं म्हनून करतीस ते तुलाच ठावं," आप्पा म्हणाले आणि ताट सारून उठले.

मी मध्ये काही बोलले नाही. याचं मला आजही वाईट वाटतं. खरं सांगायचं तर माझ्याही मनात त्या क्षणी येऊन गेलं, की असेल का? अव्वाला ती गाडी कधीच आवडली नव्हती. रस्त्यावरच्या ट्रकांची तिला भीती वाटायची, आप्पा यायला उशीर झाला की ती दारातल्या दिव्याची वात पुन्हा पुन्हा सारखी करत बसायची. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटतं माझ्या चेहऱ्यावर तिला ते दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा कामाला निघून गेले, दुपारी आले, गाडी लावली. अव्वा अंगणात वाळत घातलेल्या शेंगा गोळा करायला बाहेर गेली आणि बराच वेळ आत आली नाही म्हणून मी बघायला गेले. ती गाडीपाशी वाकून उभी होती. पेट्रोलच्या कॉकला आप्पांनी मशीनचा पांढरा दोरा गुंडाळून त्याला गाठ मारली होती, एवढीशी, बारीक. शिलाईतल्या माणसाची गाठ, दुसऱ्याने सोडली तर तशी पुन्हा मारता येणार नाही अशी. कुणी कॉक फिरवला असता तर दोरा तुटून कळलं असतं. अव्वाने त्या दोऱ्याला बोटसुद्धा लावलं नाही. आत आली, पिशवी काढली, दोन लुगडी भरली. आप्पा खाटेवर पडले होते, झोपले नव्हते. ती त्यांच्याशी बोलली नाही. मला म्हणाली, "डब्यात कडक भाकऱ्या हायत, आठ दिवस पुरतील. चटनी वरच्या फळीवर." आणि अक्कलकोटच्या गाडीने माहेरी, वळसंगला निघून गेली. मी स्टँडपर्यंत गेले. गाडीत बसल्यावर खिडकीतून म्हणाली, "तुला पन वाटलं, व्हय ना?" मी नाही म्हणायच्या आत एस.टी. हलली.

ते तीन दिवस. मला वाटतं, घरातला माणूस गेल्यावर आधी आवाज जातात. भाकरीची थाप गेली, तिचं कानडीतलं पुटपुटणं गेलं, पितळी डबे उघडल्याझाकल्याचे आवाज गेले. आप्पा कडक भाकरी आमटीत चुरून खायचे, एका जागी बसून नाही, फिरत फिरत. त्यांचा बूट फरशीवर टक् वाजायचा, थांबायचा, पुन्हा टक्. मी पुस्तक उघडून बसायची आणि तेच पान वाचत राहायची. गाडी तीनही दिवस पहिल्या ओढीला सुरू झाली. रोज ती सुरू झाली की आप्पा माझ्याकडे बघायचे, काही न बोलता. बघ, असं त्या बघण्यात होतं. मला त्या इंजिनाचा इतका राग कधी आला नव्हता.

चौथ्या दिवशी नळाने फुस्स केलं. मी धडपडत उठले. अव्वा हे सगळं एकटी कसं करत होती कुणास ठाऊक. पाण्याला तासभरसुद्धा धार नसते, आणि तेवढ्यात घर भरायचं. पिंप बाहेर ओढलं, तर ते नळाखाली बसेना. गाडीचं हँडल आडवं येत होतं. मी हँडल धरून पूर्ण उजवीकडे वळवलं. तशी गाडी अंग चोरून उभी राहिली आणि पिंप बरोबर बसलं. भिंतीच्या गिलाव्याला हँडलच्या मुठीचा काळा घासा पडला होता; म्हणजे अव्वाही हेच करायची, दर चार दिवसांनी. तेव्हा माझ्या डोक्यात काही आलं नाही. मी पाणी भरत राहिले.

पिंप अजून तिथेच होतं तोवर आप्पा बाहेर आले. निघण्याआधी इंजिन तापवून ठेवायची त्यांची पद्धत. गाडीवर बसले, किल्ली फिरवली, कॉक उघडाच आहे आणि गाठ जशीच्या तशी आहे हे बघून दोरा सोडला, दांडा ओढला. खर्रक. पुन्हा ओढला. पाच वेळा, दहा वेळा. मी कळशी घेऊन उंबऱ्यात उभी. आप्पांनी दांडा सोडला आणि हातातल्या दोऱ्याकडे पाहिलं. त्यांची स्वतःची गाठ त्यांनी स्वतःच आत्ता सोडली होती. अव्वा वळसंगला होती. त्यांचा चेहरा असा उतरला, की मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी गाडीकडे पाहिलं.

"आप्पा," मी म्हणाले, "आज एकच गोष्ट बदललीय."

"काय?"

"हँडल. पिंपाला जागा व्हावी म्हणून मी वळवलं."

आप्पांनी हँडलकडे पाहिलं, पिंपाकडे पाहिलं. मग म्हणाले, "पिंप सरकव." आम्ही दोघांनी निम्मं पाणी उपसलं, पिंप बाजूला ओढलं. त्यांनी हँडल सरळ केलं, थोडं थांबले, दांडा ओढला. दुसऱ्या ओढीला इंजिन धडधडलं. मग त्यांनी चालू गाडीचं हँडल हळूहळू उजवीकडे वळवत नेलं, कान खाली लावून, मंद्रूपला लिंबाखाली मशीनला लावायचे तसा. अगदी शेवटच्या बोटभर अंतरात इंजिन उचकलं आणि गप्प झालं. सरळ केलं, सुरू. वळवलं, बंद. चार वेळा केलं त्यांनी. रशीदभाईंच्या गॅरेजपुढे रस्ता रुंद, तिथे एवढं हँडल कधी वळलंच नव्हतं. आणि ढकलत नेतानाही ते सरळच असायचं.

टाकीच्या पुढे, हँडल जिथे फिरतं त्या मानेपाशी, तारांचा एक जुडगा होता. वेल्डरने गाडी बदलताना तो लोखंडी पट्टीने आवळून टाकला होता. माझा हात बारीक, म्हणून मी आत घातला. एका तारेवरचं रबर सोलून गेलं होतं, तांबं उघडं. किल्ली बंद केली की गाडी जिच्यामुळे बंद होते तीच ती तार. हँडल वळलं की ती लोखंडाला चिकटायची आणि करंट तिथेच मरायचा, किल्ली बंद केल्यासारखा. आप्पांनी पट्टी कापून टाकली, तारेला चिकटपट्टी गुंडाळली, वरून रबराची नळी चढवली. काम झाल्यावर ते बोळातच पेटीवर बसून राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "गाडी बंद ती पाडत हुती नीलू. पर तिला ठावं न्हवतं. आन् मला..." मघाचा दोरा उचलून खिशात टाकला. मग म्हणाले, "बाकीचं आज ऱ्हाऊ दे. चल."

आम्ही वळसंगची वाट धरली. मी मागच्या पेटीवर. मामाच्या गल्लीत शिरलो तशी पोरंबाळं, बाया गोळा झाल्या. तीन चाकांची मोटरसायकल कुठेही गेली की जत्रा जमायचीच. मामा बाहेर आले, "या भावजी," म्हणाले, पण आवाजात ओल नव्हती. अव्वा दारात येऊन उभी राहिली. हात पिठाचे. उंबरा ओलांडून पुढे आली नाही.

आप्पा गाडीवरच बसून होते, इंजिन चालू. खाली उतरून काठी शोधत तिच्यासमोर जाणं त्यांना जमणार नव्हतं असं नाही, पण एवढ्या माणसांत ते त्यांना नको होतं. ते काहीतरी बोलले. ओठ हललेले मला दिसले. इंजिनाच्या धडधडीत काही ऐकू आलं नाही.

"काय?" अव्वा म्हणाली.

आप्पा पुन्हा बोलले. पुन्हा तेच.

"गाडी बंद करून बोला," अव्वा म्हणाली.

आता हे सांगायला हवं, की घराबाहेर एकदा चालू झालेली गाडी आप्पांनी त्या वर्षात शक्यतो बंद केली नव्हती. चहाला थांबले तरी ती धडधडत ठेवायचे. परक्या गावात, लोकांच्या गराड्यात ती पुन्हा सुरू झाली नाही तर, याची त्यांना ढकलण्याइतकीच भीती. तार बसवून तीन तासही झाले नव्हते. आप्पांनी अव्वाकडे पाहिलं, गल्लीकडे पाहिलं, आणि किल्ली फिरवली. एकदम इतकं शांत झालं, की मामाच्या परसातली शेळी चघळताना ऐकू येत होती.

"तप्पातु," आप्पा म्हणाले. कानडीत. चूक झाली. मग मराठीतही म्हणाले, जोराने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "म्या तुज्यावर आळ घेतला. तू काय केलं न्हवतंस. तार खराब हुती."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मामा घसा खाकरून आत गेले. नवऱ्याने भर गल्लीत असं म्हणणं वळसंगला कुणी ऐकलं नसावं. मी तरी त्याआधी आणि नंतरही ऐकलं नाही. अव्वाने पदराला हात पुसले. आत गेली. मला वाटलं, संपलं. आप्पा पुढच्या चाकाकडे बघत राहिले. मग ती हात धुऊन पिशवी घेऊन बाहेर आली, माझ्या केसांवरून एकदा हात फिरवला, बाकी काही विचारलं नाही, आणि पदर खोचून मागच्या पेटीवर माझ्या शेजारी चढून बसली.

आप्पांनी दांडा ओढला. खर्रक. काही नाही. पुन्हा ओढला. काही नाही. गल्लीतलं कुणीतरी पुढे आलं, "ढकलू का ओ दाजी?" आप्पांच्या मानेवरची शीर ताठ झाली. मी वाकून हँडलकडे पाहिलं, सरळ होतं. तारेकडे हात न्यावा तर मध्ये आप्पा. त्यांनी तिसऱ्यांदा दांडा धरला.

अव्वा आमच्या दोघांच्या मधून पुढे वाकली, आप्पांच्या खांद्यावरून हात लांब केला.

"आधी किल्ली तरी फिरवा," ती म्हणाली, आणि तिनेच फिरवली.